‘कळवतो’ म्हणे!

मराठी भाषेत ‘कळवतो’ नावाचं एक क्रियापद आहे. कोशात त्याचा अर्थ काहीही दिलेला असो, व्यवहारात त्याचा अर्थ ‘कळवणार नाही’ असा आहे. कांदेपोह्यांच्या बश्या रिकाम्या झाल्या, की मुलाचे वडील चपलांत पाय सारता सारता म्हणतात, ‘‘बरंय, कळवतो मग.’’ मुलीच्या वडिलांना त्याच क्षणी सगळं कळतं. तरी पुढचे दोन महिने ते घरातून निघताना ‘कोणाचा फोन आला तर सांग गं’ असं बजावून निघतात. कारण न जाणो! या ‘न जाणो’ने आजवर जेवढ्या माणसांची झोप उडवली, तेवढी ढेकणांनीही उडवली नसेल.

ही विद्या फक्त आपल्याकडेच आहे असं मात्र कोणी समजू नये. अमेरिकेतल्या विद्यापीठांनी ती आपल्या कितीतरी पुढे नेली आहे. आपले वरपिते निदान पोहे खाऊन ‘कळवतो’ म्हणतात. ही विद्यापीठं डॉलर घेऊन म्हणतात.

आमच्या कन्येने गेल्या डिसेंबरात एम.एस.साठी तिकडच्या सात विद्यापीठांत अर्ज केले. एकेका अर्जाची फी ७५ ते १२५ डॉलरच्या घरात. (त्या महिन्यात घरात डॉलरचे रुपये करायचे नाहीत असा ठराव झाला होता, तो एकमताने, म्हणजे सौ.च्या मताने, मंजूर झाला.) परीक्षेचे गुण पाठवायचे पैसे वेगळे. तीन प्राध्यापकांची शिफारसपत्रं वेगळी. ती मिळवण्यासाठी घातलेल्या खेपा वेगळ्या. आणि ‘मला हाच विषय का शिकायचा आहे’ यावर दोन पानी निबंध, तोही प्रत्येक विद्यापीठाला वाटलं पाहिजे की हिचं लहानपणापासून आपल्यावरच मन होतं. फी भरल्याची पावती किती वेळात यावी? मी घड्याळ लावून पाहिलं. चाळीस सेकंद! आणि उत्तर? जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला, होळी पेटून विझली. विद्यापीठाचं पान उघडावं तर त्यावर दोनच शब्द: ‘अंडर रिव्ह्यू’.

आता तुम्ही म्हणाल, चार महिने थांबायला कोणाचं काय जातं? सांगतो. कचेरीतले साहेब विचारतात, ‘नव्या कामावर तुमचं नाव घालू का?’ हिला हो म्हणता येत नाही, नाही म्हणता येत नाही. बँकेतले कर्जवाले म्हणतात, ‘प्रवेशाचं पत्र आणा, मग बोलू.’ प्रवेश मिळाल्यावर विद्यापीठाकडून आय-ट्वेंटी यायचा, मग ३५० डॉलरची सेव्हिस फी, मग व्हिसाच्या मुलाखतीची तारीख, आणि ऑगस्टात वर्ग सुरू. हे सगळं एप्रिलनंतर उरलेल्या दिवसांत कोंबायचं. जर्मनीतल्या काही विद्यापीठांच्या हिवाळी सत्राची मुदत १५ जुलैपर्यंत असते, काहींची त्याआधीच संपते. जानेवारीत कोणी स्पष्ट ‘नाही’ म्हटलं असतं, तर तिकडच्या अर्जाला सवडीने हात घालता आला असता.

पण हे झाले हिशेब. खरी गोष्ट वेगळीच आहे. तेवीस वर्षांची हसतीखेळती पोर, ती हळूहळू स्वतःलाच ‘अंडर रिव्ह्यू’ समजायला लागली. आमटीत मीठ जास्त पडलं तरी म्हणायची, ‘‘बाबा, माझं काही खरं नाही.’’ मीठ आणि एम.एस. यांचा काय संबंध? पण कोणी बोलतच नाही म्हटल्यावर माणूस त्या गप्प बसण्याचा अर्थ आपल्या उणिवांत शोधतो. ‘नाही’ ऐकून माणूस एकदा रडतो, डोळे पुसतो आणि उठतो. गप्प बसणाऱ्यापुढे त्याला रोज रडावं लागतं, आणि उठायचं केव्हा तेही कळत नाही.

अशा वेळी उपदेशक मंडळी दारात हजर होतात. समोरच्या ब्लॉकमधल्या काकांनी सांगितलं, ‘‘मन रमव गं. पोहायला जा.’’ आत्याबाईंनी विणकामाच्या सुया आणून दिल्या. कोणी प्राणायाम सुचवला, कोणी बागकाम. ही सगळी कामं उत्तम आहेत. पण दाढ दुखणाऱ्या माणसाला आपण विणकाम शिकवत नाही, दाताच्या डॉक्टरकडे नेतो. वाट पाहण्याबद्दल जेवढा उपदेश निघतो तो सगळा वाट पाहणाऱ्यालाच. वाट पाहायला लावणाऱ्याला ‘बाबा रे, तूही जरा काही कर’ असं कोणीच म्हणत नाही! जणू मार्चमधला उकाडा तसं विद्यापीठाचं मौन, आभाळातून पडतं; त्याला कोणी कर्ता नाही.

कर्ता आहे. आणि त्याचीही बाजू आहे, ती मांडायलाच हवी. एकेका विभागाकडे शेकड्यांनी, कुठे हजारांनी अर्ज येतात. ते बहुधा शिकवणारे प्राध्यापकच आपले तास सांभाळून वाचतात. शिवाय ज्यांना जागा देऊ केली त्यांतले किती येणार हे त्यांना ठाऊक नसतं, म्हणून काही नावं राखीव ठेवावी लागतात. सगळं मान्य. पण राखीव यादीत कोण, हे ठरवायला वेळ लागतो; जो पहिल्याच चाळणीत खाली पडला त्याचं काय? त्याचा निर्णय सगळ्यांत आधी झालेला असतो, आणि बऱ्याच ठिकाणी त्याला तो सगळ्यांत शेवटी कळतो. लग्नघरी पंगतीला जागा नाही हे यजमानाला सकाळी दहालाच माहीत आहे, आणि पाहुण्याला तो दुपारी तीन वाजेपर्यंत मांडवात हसतमुखाने बसवून ठेवतो, तसलाच हा प्रकार. वर पाहुण्याने प्रवेश फी भरलेली!

आमची लोकलसुद्धा याहून सभ्य. ती उशिरा आली तर ध्वनिक्षेपकावर बाई सांगतात, गाडी अमुक मिनिटं उशिराने धावते आहे, दिलगीर आहोत. आपण मनातल्या मनात काय म्हणायचं ते म्हणतो, पण चहा प्यायला वेळ आहे की नाही एवढं तरी समजतं. दहावी-बारावीच्या बोर्डालाही आपण कमी बोललेलो नाही; पण निकालाचा दिवस आणि वेळ बोर्ड आधी जाहीर करतं. सबंध महाराष्ट्र एकाच वेळी देव पाण्यात घालतो आणि एकाच वेळी बाहेर काढतो. देवांनाही तारीख कळलेली बरी असते.

अमेरिकेत तारखा नाहीत असं नाही. तिथे कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स नावाची संस्था आहे. तिचा एक ठराव पुष्कळ विद्यापीठांनी मान्य केला आहे. ज्या विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती किंवा पगारी काम देऊ केलं असेल, त्याच्यावर १५ एप्रिलच्या आत उत्तर देण्याचं बंधन नाही, असा तो ठराव. ठराव चांगलाच आहे. विद्यार्थ्याला घाईत गाठू नये हा त्यामागचा हेतू. पण विद्यार्थ्याने केव्हापर्यंत उत्तर द्यावं हे ज्यांना इतकं नेमकं सुचलं, त्यांना विद्यापीठाने केव्हापर्यंत द्यावं हेही त्याच कागदावर लिहायला सुचलं असतं, तर शाई थोडीच जास्त लागली असती!

पूर्वी हे कसं चालत असे? आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. तिथे पोचल्यावर त्यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला प्रवेशासाठी पत्र पाठवलं, आणि त्याच साली त्या तिथे शिकायलाही लागल्या. १८८६ मध्ये पदवी घेतली. त्या वेळी अर्जांचे ढीग नव्हते, हे खरं. पण तेव्हा निबाने लिहून, टपालाच्या पिशवीतून उत्तर जात असे. आज एक बटण दाबलं की हजार जणांना एकदम ‘नाही’ जातं. यंत्रं वाढली तसे अर्ज वाढले हे मला पटतं. यंत्रं वाढली म्हणून उत्तरं का लांबली, हे काही केल्या पटत नाही.

त्या यंत्रांचा आणखी एक जाच आहे. आमच्या तरुणपणी ज्यांची मुलं परदेशी अर्ज करत ते पोस्टमनची वाट बघत. पण पोस्टमन एकदा येऊन गेला की गेला! ‘आज काही नाही’ एवढं ठरलं, की उद्यापर्यंत जीव मोकळा. हल्लीचा पोस्टमन खिशातच राहतो आणि जेवताना, झोपताना, लोकलमध्ये लोंबकळताना मांडीवर गुरगुरतो. आमची कन्या दिवसातून साठदा तो बाहेर काढून बघत असे.

शेवटी एके संध्याकाळी मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि नुसता भूगोल मांडला. हिवाळ्यात न्यूयॉर्कपेक्षा आपलं घड्याळ साडेदहा तास पुढे, कॅलिफोर्नियापेक्षा साडेतेरा. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळं तासाने पुढे जातात आणि हे अंतर एकेका तासाने कमी होतं. म्हणजे कॅलिफोर्नियातला कारकून संध्याकाळी पाचला टेबल आवरतो तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच, फार तर साडेसहा. आणि न्यूयॉर्कचा कारकून सकाळी नवाला येऊन बसतो तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा नाही तर साडेसात. अलास्का आणि हवाई सोडले, तर आपल्या सकाळी सातपासून संध्याकाळी साडेसहापर्यंत अमेरिकेत एकही कचेरी उघडी नसते! आम्ही घरदार ज्या बारा तासांत उत्तर शोधत होतो, त्या बारा तासांत उत्तर देणारे घोरत होते.

तेव्हा घरात नियम केला. सकाळी सात वाजता, दूध तापत असताना, एकदाच बघायचं. रात्री जे काही यायचं ते तोवर येऊन पडलेलं असतं. त्यानंतर पोस्टमन गेला. शनिवारी सकाळी बघितलं की सोमवारी रात्रीपर्यंत सहसा सुट्टीच, कारण तिकडे शनिवार-रविवार. विणकामाच्या सुयांनी जे साधलं नाही ते या भूगोलाने साधलं. पोर रात्री झोपायला लागली, आणि सौ.ही. मी आधीपासूनच झोपत होतो.

पण सगळा दोष समुद्रापलीकडे ढकलून मोकळं होणं बरं नव्हे. काही ‘कळवतो’वाले आपल्यातही आहेत. मुलीच्याच बरोबरीच्या एका चिरंजीवांना चार ठिकाणी प्रवेश मिळाला. अभिनंदन! कुठे जायचं हेही त्यांनी त्याच आठवड्यात ठरवलं. पण उरलेल्या तिघांना ‘येत नाही’ असं कळवाल तर शपथ! ‘‘असू दे की, काय बिघडतं? १५ एप्रिलपर्यंत वेळ आहे.’’ अरे बाबा, तुझं काही बिघडत नाही. पण त्या तीन जागांसाठी राखीव यादीत तीन पोरं कुठे कुठे दूध तापवत उभी आहेत. तू दोन ओळी लिहिल्यास की त्यांतल्या एकाला तरी पत्र जायची वाट मोकळी होते. चार पाटांवर एकट्याने बसून जेवता येत नाही, मग तीन पाट अडवायचे कशाला?

आणि ते जिन्यात भेटणारे! ‘‘काय, आलं का काही?’’ आलं असतं तर आम्ही पेढे घेऊन आलो असतो, नसतं आलं तर जिन्याने न येता गच्चीवरून उतरलो असतो. विचारण्यामागे प्रेम असतं, मला कळतं. पण ते प्रेम दिवसातून सहा मजल्यांवर सहादा भेटलं की मुलगी घराबाहेर पडेनाशी होते. ज्यांना फारच राहवत नाही त्यांनी मला विचारावं, ते माझ्या पेन्शनच्या दिवशी.

एवढं लिहून माझी मागणी एका ओळीची आहे. ज्याने फी घेतली त्याने ‘नाही’सुद्धा वेळेवर द्यावं, तेही फीतच धरलेलं असतं. ‘नाही’ म्हणणं उद्धटपणा नाही. उद्धटपणा आहे तो समोरच्याचे दिवस आपलेच समजून खर्च करण्यात. मग ते विद्यापीठ असो, वरपिता असो, नाही तर चार पाट अडवणारा चिरंजीव असो.

लोकांना सांगायचं आणि आपण ‘बघू, कळवतो’ करायचं हे शोभत नाही. परवा नाशिकहून चुलतभावाचा फोन आला, नातवाच्या मुंजीला सगळे येताय ना म्हणून. मी लगेच सांगितलं, ‘‘नाही रे, जमायचं नाही. पाच पानं कमी धर.’’ चुलतभाऊ तेव्हापासून रुसला आहे. वहिनींचा मात्र सौ.ला निरोप आला: सगळ्या गोतावळ्यात उत्तर दिलेलं हे एकच घर, आणि आचाऱ्याने ती पाच पानं हिशेबातून वगळलीसुद्धा.