निषेधातला ‘पण’

२ जून २०१४ च्या रात्री पुण्यात हडपसरला मोहसीन शेख या तरुणाला जमावाने मारून टाकलं. मूळचा सोलापूरचा, पुण्यात आयटी कंपनीत नोकरी करणारा, नमाज पढून मित्रासोबत खोलीवर परत चाललेला. त्याच्या आधीच्या दिवसांत छत्रपती शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची विटंबना करणाऱ्या पोस्ट फेसबुकवर फिरल्या होत्या आणि शहर तापलेलं होतं. त्या पोस्टशी मोहसीनचा काडीचाही संबंध नव्हता. टोपी आणि दाढी एवढी ओळख मारणाऱ्यांना पुरली.

२१ जून २०२२ च्या रात्री अमरावतीत उमेश कोल्हे या औषध विक्रेत्याचा गळ्यावर वार करून खून झाला. दुकान बंद करून ते दुचाकीवरून घरी निघाले होते. मुलगा आणि सून मागच्या गाडीवर होते. कोल्हे यांनी नूपुर शर्मा यांच्या समर्थनाचा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला, म्हणून कट करून हा खून झाला, असं राष्ट्रीय तपास यंत्रणेचं आरोपपत्र म्हणतं. आरोपी आपल्या समाजातले आहेत. त्यांच्यापैकी कोण दोषी, ते न्यायालय ठरवेल. पण खून झाला आणि तो कशासाठी झाला, याबद्दल गावात, गल्लीत कुणाला फारशी शंका नव्हती.

ही दोन नावं एकाच लेखात आली की आपल्यापैकी अनेकांना खटकतं. काहींना वाटेल की संपादक दोन्ही बाजूंना खूश करायला निघालेत. तसं नाही, आणि का नाही ते पुढे सांगतो. आधी त्या दोन्ही वेळी आपल्या आजूबाजूला जी वाक्यं बोलली गेली, ती आठवून पाहा. हडपसरनंतर सोसायटीच्या ग्रुपवर, ऑफिसच्या कँटीनमध्ये ऐकू आलं, ‘झालं ते वाईटच, पण त्या पोस्टमुळे लोकांच्या भावना किती दुखावल्या होत्या.’ अमरावतीनंतर आपल्या घरातल्या ग्रुपवर, जुम्म्यानंतरच्या चहाच्या टपरीवर ऐकू आलं, ‘गलत हुआ, पण त्याने तरी असं टाकायची काय गरज होती?’ दोन्ही वाक्यांची घडण एकच आहे. आधी अर्धा निषेध, मग ‘पण’, आणि ‘पण’च्या पुढे खुनाचं कारण मेलेल्या माणसाच्याच खिशात सापडतं.

हा ‘पण’ किती वरपर्यंत पोहोचतो, ते मोहसीनच्याच खटल्यात दिसलं. जानेवारी २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तीन आरोपींना जामीन दिला. त्या आदेशात अशा आशयाचं निरीक्षण होतं की मयताचा दोष एवढाच, की तो दुसऱ्या धर्माचा होता. आरोपींचं त्याच्याशी वैयक्तिक वैर नव्हतं, धर्माच्या नावाने त्यांना चिथावलं गेलं, आणि ही गोष्ट आरोपींच्या बाजूची धरली गेली. म्हणजे ओळख ना पाळख असलेल्या माणसाला केवळ धर्मावरून मारणं, हे गुन्ह्याचं गांभीर्य वाढवणारं न ठरता ते कमी करणारं ठरलं. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि या बहुरंगी देशात न्यायालयांनी असं लिहिताना भान ठेवायला हवं, असं बजावलं. पुढे जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने पुराव्याअभावी आरोपींना निर्दोष सोडलं. मोहसीनला कुणी मारलं, या प्रश्नाला कायद्याच्या भाषेत आजही उत्तर नाही.

आता ‘दोन्ही बाजू सारख्याच’ या म्हणण्याबद्दल. त्या सारख्या नाहीत. जून २०२३ मध्ये स्टेटसवरून कोल्हापूर पेटलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत सोशल मीडियावरच्या पोस्टवरून जमाव मशिदीवर चालून गेला आणि एका तरुणाचा जीव गेला. जुलै २०२४ मध्ये विशाळगडाच्या अतिक्रमणाचा वाद गडाखालच्या गजापूरमधल्या घरांवर आणि मशिदीवर येऊन फुटला. ज्यांची घरं फुटली त्यांचा गडावरच्या अतिक्रमणाशी संबंध काय, हे विचारायलाही कुणी थांबलं नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये पाथर्डी तालुक्यातल्या मढी गावाच्या ग्रामसभेने कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना दुकानं लावू द्यायची नाहीत असा ठराव केला; गटविकास अधिकाऱ्यांनी तो रद्द केला. या प्रकारच्या अतिरेकाला सभेचं व्यासपीठ मिळतं, लाऊडस्पीकर मिळतो, कधीकधी निवडून आलेल्या नेत्याचा हातही पाठीवर असतो. आपल्यातल्या माथेफिरूंना तसलं पाठबळ नाही. संख्येत, ताकदीत, परिणामांत मोठा फरक आहे आणि तो लपवून ‘समतोल’ साधण्यात काही शहाणपण नाही.

मग अमरावतीचं नाव घ्यायचंच कशाला? कारण हडपसर आणि गजापूरबद्दल आपलं जे म्हणणं आहे, ते ज्या एका तत्त्वावर उभं आहे, ते तत्त्व अमरावतीलाही लागू होतं. आपलं म्हणणं असं की मोहसीनने पोस्ट केली नव्हती, म्हणून त्याला मारणं अन्याय आहे. हे खरं आहे, पण अपुरं आहे. समजा त्याने ती पोस्ट केली असती तर? तरीही त्याला मारणं खूनच ठरलं असतं. पोस्टबद्दल तक्रार झाली असती, गुन्हा नोंदला गेला असता, न्यायालयाने काय ते ठरवलं असतं. ‘तो निर्दोष होता’ एवढ्यावरच आपण थांबलो, तर ‘दोषी असता तर चाललं असतं’ हे नकळत मान्य करतो. आणि हेच मान्य केलेलं अमरावतीत वापरलं गेलं.

दुसरं तत्त्व याहून जुनं आहे. एकाने केलेल्याचा भार दुसऱ्यावर टाकता येत नाही. कुरआनात हा विचार पुन्हा पुन्हा येतो आणि फौजदारी न्यायाचा पायाही तोच आहे. औरंगजेबाने काय केलं याचा जाब कोल्हापुरातल्या पंक्चरवाल्याला विचारता येत नाही. टीव्हीवर कुणी काय बोललं याचा हिशोब अमरावतीतल्या मेडिकलवाल्याशी चुकता करता येत नाही. माणसाला माणूस म्हणून न पाहता त्याच्या गटाचा प्रतिनिधी म्हणून पाहिलं की तो हाताशी सापडला एवढंच कारण पुरतं. अल्पसंख्य समाजाला हे तत्त्व सोडणं परवडणारच नाही. ज्यांच्याकडे संख्या आहे, सत्ता आहे, त्यांचं या तत्त्वाशिवायही चालून जाईल. आपल्याकडे ढाल म्हणून हीच एक गोष्ट आहे, आणि स्वतःच्या हाताने तिला भोक पाडून उरलेली ढाल कामाला येत नाही.

इथे तरुण वाचक एक रास्त प्रश्न विचारतात. ‘दरवेळी मीच का निषेध करायचा? उदयपूर झालं, अमरावती झालं, की ऑफिसमधला कलीग माझ्या तोंडाकडे बघतो. मी कुणाचा प्रतिनिधी आहे का?’ नाही, तुम्ही प्रतिनिधी नाही. कुणी मागितलं म्हणून निषेधाचं प्रमाणपत्र काढून दाखवायची तुमच्यावर सक्ती नाही. ती मागणीसुद्धा ‘एकाचा भार दुसऱ्यावर’ याच चालीची आहे. त्या कलीगला शांतपणे तसं सांगायला हरकत नाही. उदयपूरनंतर जमियत उलेमा-ए-हिंदने, मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने निषेध केला होता, तो ज्यांना वाचायचाच नव्हता त्यांना तुमचाही ऐकू येणार नाही.

पण या लेखाचा रोख बाहेरच्यांसमोर करायच्या निषेधावर नाही. आपला मामेभाऊ घरच्या ग्रुपवर ‘अच्छा सबक मिला’ असं लिहितो आणि खाली चार अंगठे उमटतात, तेव्हा काय करायचं, हा खरा प्रश्न आहे. तिथे कलीग नसतो, कॅमेरा नसतो, कुणाला खूश करायचं नसतं. तिथे बोललेलंच कामाचं असतं. आणि तिथे बोलणं कठीण असतं, कारण समोर चाचा असतात, वयाचा मान असतो, आणि ‘तू कुणाच्या बाजूचा?’ हा प्रश्न लगेच येतो. वेगळं बोलणाऱ्याला ‘मुनाफिक’ नाहीतर ‘दलाल’ म्हणून मोकळं होणं, हे ‘देशद्रोही’ आणि ‘जिहादी’ म्हणून मोकळं होण्याचंच आपलं घरगुती रूप आहे. निवडणुकीच्या दिवसांत तर सख्ख्या भावाने दुसऱ्या पक्षाचा झेंडा धरला तरी तो ‘गद्दार’ होतो. शब्दाने माणूस गटाबाहेर काढायची सवय आधी लागते. हात उचलायला ज्यांना कमी वाटत नाही, ते त्या सवयीच्या पुढे उभे असतात.

माझं काम सॉफ्टवेअरचं. आमच्याकडे यंत्रणा कोलमडली की शेवटचं बटण कुणी दाबलं यावर चौकशी थांबत नाही; त्याआधी कोणकोणत्या टप्प्यांवर ती अडवता आली असती, ते शोधलं जातं. हिंसेकडेही तसं पाहता येतं. जुलै २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून भटक्या समाजातल्या पाच माणसांना जमावाने ठार केलं. देशभर अशा अफवांचे बळी वाढल्यावर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणायला सुरुवात केली. एप्रिल २०२० मध्ये, खूप वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं, आणि अशा मेसेजचा प्रसार सुमारे ७० टक्क्यांनी घटल्याचं कंपनीने सांगितलं. मजकूर कुणी तपासला नव्हता, कुणाला उपदेश केला नव्हता. वाटेत फक्त एक छोटा अडथळा ठेवला होता. घरच्या ग्रुपवर ‘चाचा, हे बरोबर नाही, कुणाचाच खून सबक नसतो’ असं एक वाक्य लिहिणारा भाचा हा तसाच अडथळा आहे. चाचा लगेच बदलणार नाहीत. पण खाली पाचवा अंगठा उमटायच्या आधी कुणीतरी थांबेल, आणि त्याच ग्रुपमधला सोळा वर्षांचा मुलगा पाहील की याला आपल्या घरात सरसकट मान्यता नाही.

आपल्याविरुद्ध मजकूर फिरतो तेव्हाही हेच भान हवं. संतापून तो व्हिडिओ आणखी दहा ग्रुपवर टाकणं म्हणजे विरोधकाचं काम फुकटात करणं. त्यापेक्षा मूळ मेसेज जपून ठेवा. पाठवणाऱ्याचा नंबर, ग्रुपचं नाव, तारीख, वेळ दिसेल असा पूर्ण स्क्रीनशॉट घ्या, त्यात काटछाट करू नका, आणि ज्या फोनवर तो आला तो फोन रीसेट करू नका. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. नुसत्या फिरत्या स्क्रीनशॉटवर खटला उभा राहत नाही. लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना सांगितलं आहे की द्वेषपूर्ण भाषणाबद्दल तक्रारीची वाट न पाहता, बोलणाऱ्याचा धर्म न पाहता गुन्हा नोंदवा. तहसीन पूनावाला खटल्यात १७ जुलै २०१८ रोजी दिलेल्या निकालात जमावहिंसा रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा नोडल अधिकारी नेमायला सांगितलं आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३(२) मध्ये पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, समुदाय, भाषा अशा कारणांवरून केलेल्या खुनाला जन्मठेप किंवा फाशीची तरतूद आहे. कागदावरचे हे आधार आपोआप चालत नाहीत, हे मोहसीनच्या खटल्याने दाखवलं. तुमच्या जिल्ह्याचा नोडल अधिकारी कोण, हे विचारणारा एक अर्ज करायला कुठल्याही संघटनेचं सदस्य असावं लागत नाही.

आणि साक्षीदार. जमावाने केलेल्या गुन्ह्यात ओळख पटवणं हीच सगळ्यात कठीण गोष्ट असते, आणि वर्षं उलटतात तसा पाहणारा माणूस एकटा पडतो. आपल्या ओळखीत असा कुणी असेल, मग त्याने आपल्यावर झालेला हल्ला पाहिलेला असो की आपल्यातल्या कुणी केलेला, त्याच्यासोबत तारखेला कोर्टात जाऊन बसणं हे भाषणापेक्षा मोठं काम आहे. यातला दुसरा प्रकार अधिक अवघड आहे. मोहल्ल्यातल्या मुलाविरुद्ध खरं बोलणाऱ्याला मोहल्ल्यानेच वाळीत टाकलं, तर उद्या पुसेसावळीतल्या हिंदू शेजाऱ्याने आपल्या बाजूने साक्ष द्यावी ही अपेक्षा आपण कुठल्या तोंडाने करायची?

पुढची घटना कुठली असेल, कुणाच्या बाजूची असेल, माहीत नाही. ती घडल्यावर पहिल्या तासाभरात आपल्या फोनवर ‘पण’ असलेलं एक वाक्य नक्की येईल. ते दुसऱ्याच्या ग्रुपवरून आलं तर आपल्याला लगेच ओळखू येतं. आपल्या माणसाकडून आलं तरी तितक्याच लवकर ओळखा, आणि त्याला त्याच ग्रुपवर, त्याच्या वयाचा मान ठेवून, उत्तर द्या.