कल्याणच्या माणसाचे चैत्यगृह आणि नाणेघाटातला रांजण



या सदरात आम्ही एरवी शिष्यवृत्तीचे अर्ज, जातीचे दाखले, विहाराच्या जागेचे प्रश्न यांवरच लिहितो. आज मात्र घरची गोष्ट सांगणार आहोत. आमच्या लग्नाला बावीस वर्षे झाली. या बावीस वर्षांत आम्ही उभयतांनी पुष्कळ प्रवास केला. दरवर्षी सहा डिसेंबरला दादर, दोनदा नागपूरची दीक्षाभूमी, एकदा महाड. पण हा सगळा प्रवास शे-दोनशे माणसांच्या घोळक्यातला. आम्ही पुढे यादी घेऊन आणि आमच्या मंडळी मागे डब्यांच्या पिशव्या घेऊन. दोघांनीच कुठे जावे, असे कधी घडले नाही. घडले नाही म्हणजे आम्ही घडू दिले नाही, असे म्हणणे खरेपणाचे होईल.

आमच्या सासूबाई मूळच्या जुन्नर तालुक्यातल्या. 1972 च्या दुष्काळात त्यांचे वडील बायको-पोरांना घेऊन कामाच्या शोधात नाणेघाट पायी उतरले आणि मुरबाडमार्गे कल्याणला आले. सासूबाई तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या. त्या नेहमी सांगायच्या, "घाटाच्या तोंडाशी दगडाचा ह्यो एवढा रांजण हाये. बानं मला त्याच्या सावलीला बसवलं आन् निम्मी भाकर दिली." तो रांजण एकदा डोळ्यांनी पाहायचा, ही त्यांची इच्छा. मंडळींनी आम्हाला किती वेळा सांगितले असेल. आमचे उत्तर ठरलेले असायचे : जयंती होऊ दे, निवडणूक होऊ दे, वर्षावास संपू दे. गेल्या पावसाळ्यात सासूबाई गेल्या. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपल्यावर मंडळी एवढेच म्हणाल्या, "आता तरी चला." आम्ही मान खाली घातली आणि डिसेंबरअखेरचे दोन दिवस रजेच्या वहीत मांडले.

गाडी आमची जुनीच, शंभर सीसीची. पहाटे पाचला कल्याण सोडले. स्वेटरखाली वर्तमानपत्राची दोन पाने छातीशी धरली होती. हा उपाय आम्हाला रात्रपाळीच्या एका कामगार मित्राने शिकवला. वाचकांनीही करून पाहावा, वारा अजिबात लागत नाही. शहाडचा पूल, वरप, कांबा, गोवेली करीत मुरबाडला पहिला चहा झाला. पुढे सरळगाव, टोकावडे मागे पडले आणि समोर सह्याद्रीची भिंत उभी राहिली. माळशेज घाट म्हटला की लोकांना पावसाळा आठवतो. हिवाळ्यात धबधबे आटलेले असतात, पण गर्दी नसते आणि दरीतले धुके उन्हाबरोबर वर सरकताना दिसते. बोगद्याजवळ गाडी लावून भाकरी-चटणी खाल्ली. इतकी वर्षे आपण कुणाच्या गाडीत मागच्या सीटवर नुसते डबे सांभाळत होतो, असे मंडळींनी तेथे आम्हाला हसत हसत सुनावले. आम्ही ऐकून घेतले.

घाट चढून मढवरून गणेश खिंडीच्या रस्त्याने लेण्याद्रीला पोहोचलो. तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत आणि पुरातत्त्व खात्याचे तिकीट काढावे लागते. बहुतेक लोक गणपतीच्या दर्शनाला येतात, कारण अष्टविनायकांपैकी गिरिजात्मज तेथे आहे. ते देऊळ ज्या प्रशस्त दालनात आहे, ते मूळचे बौद्ध भिक्खूंचे विहार. भिंतीला लागून त्यांच्या राहण्याच्या खोल्या अजून तशाच आहेत. त्यावरून आम्ही कुणाशी वाद घातला नाही. भाविक आपल्या वाटेने गेले, आम्ही शेजारच्या सहा नंबरच्या लेण्यात शिरलो.

हे सहा नंबरचे लेणे म्हणजे चैत्यगृह. बाहेरच्या खांबांवर हत्ती, वाघ कोरलेले. आत कमानदार छत, दोन्ही बाजूंना खांबांची रांग आणि शेवटी स्तूप. आम्ही दोघांनी तेथे त्रिशरण-पंचशील घेतले. आवाज घुमून परत येतो. दारावर ब्राह्मी लिपीत एक ओळ कोरलेली आहे. ती आम्हाला वाचता येत नाही, पण अभ्यासकांनी लावलेला तिचा अर्थ आम्ही पाठ करून गेलो होतो : हे चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याचे दान आहे. हेरणिक हे काही जण बापाचे नाव मानतात, काही जण सोन्यानाण्याचा व्यवहार पाहणाऱ्याचा हुद्दा. पण गाव मात्र कल्याण, म्हणजे आपलेच. सुमारे अठराशे ते दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या गावच्या एका माणसाने घाट चढून येथे पैसा लावला.

मंडळी बराच वेळ त्या ओळीकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "पैसे देणाऱ्याचं नाव कळलं. छिन्नी मारणाऱ्यांचं कुठंय?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. पण पायऱ्या उतरताना, जेवढे ठाऊक होते तेवढे सांगत गेलो. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनाराने पाण्याची पोढी दिल्याचा लेख आहे आणि तेथेच कल्याणच्या एका लोहाराचेही दान नोंदलेले आहे. जुन्नरच्या लेण्यांत धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पोढी दिली. श्रेणी म्हणजे धंदेवाल्यांचा संघ. यवनांनीही येथे दान दिले. आणि आमच्यासारख्या बी. कॉम. झालेल्या कारकुनाला सर्वांत भावलेली गोष्ट ही की, येथल्या एका लेखाप्रमाणे दानाची रक्कम बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवलेली होती. बुरुडाच्या हाती संघाची ठेव! आज आमच्या वस्तीतल्या बुरूडकाम करणाऱ्या बाईला दहा हजारांचे कर्ज हवे असले, तर दोन जामीनदार आणि चार हेलपाटे लागतात.

लेण्यांजवळच्या पोढ्या पाहताना मंडळींना बाबासाहेबांची गोष्ट आठवली. 1934 साली बाबासाहेब सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्याजवळ हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले म्हणून गलका झाला. आणि येथे कुणा सोनाराने, कुणा धान्यवाल्याने पाणी खोदून ठेवलेले. मंडळींनी बाटलीतले पाणी प्यायले आणि आम्हालाही दिले.

जुन्नरला जेवण करून दुपारी चावंड, घाटघरच्या रस्त्याने नाणेघाट गाठला. रस्ता अरुंद आहे, दोन ठिकाणी फारच खराब. कल्याण-सोपारा बंदरांचा माल याच घाटाने जुन्नरला आणि पुढे पैठणकडे जात असे. घाटातल्या गुहेत सातवाहनांची राणी नागनिका हिचा मोठा लेख आहे. त्यात यज्ञांच्या वेळी दिलेल्या गाई, घोडे, कार्षापण यांचे आकडे आहेत आणि आपल्या देशातल्या अंकांच्या अगदी जुन्या नमुन्यांत त्यांची गणना होते. राजघराण्यातल्या माणसांचे पुतळेही तेथे होते; आता नावे उरली आहेत, पुतळे तुटून गेले. आम्ही आकड्यांत रमलो होतो. मंडळी केव्हाच वर निघून गेल्या होत्या.

रांजण घाटाच्या माथ्यावर आहे. अखंड दगडाचा, पोट फुगलेला. त्यात जकातीची नाणी टाकत, असे सांगतात. मंडळी त्याच्या सावलीच्या बाजूला मांडी घालून बसल्या होत्या. आम्ही जवळ गेलो तर म्हणाल्या, "जरा थांबा." आम्ही लांब जाऊन उभे राहिलो. समोर कोकण, खाली उतरत गेलेली दगडी वाट, बाजूला नानाचा अंगठा. अर्धा तास गेला. मग त्यांनी पिशवीतली भाकरी काढली, निम्मी मोडून आमच्या हातात दिली. त्या वेळी आम्हाला काय वाटले, ते या ठिकाणी लिहीत नाही.

परतताना घाटघर ओलांडले आणि मागचे चाक बसले. अंधार पडत आलेला, थंडी वाढलेली, आणि जुन्नर तालुका बिबट्यांसाठी किती प्रसिद्ध आहे हे वाचकांना ठाऊक आहेच. पंक्चरचे सामान आम्ही नेले नव्हते. ही चूक सर्वस्वी आमची. मंडळी मोबाइलचा उजेड रस्त्याकडेच्या झुडपांवर फिरवीत मोठ्याने बुद्धवंदना म्हणू लागल्या. श्रद्धेने की बिबट्याने ऐकावे म्हणून, ते आम्ही विचारले नाही. वीसेक मिनिटांनी दुधाचा टेम्पो आला. चालकाने गाडी कॅनांच्या मधे चढवली आणि आम्हाला पुढे बसवून घेतले. "बाईमाणसाला घेऊन या वेळेला इथं थांबायचं नसतं, दादा," एवढेच तो बोलला. जुन्नरला पंक्चरच्या दुकानापाशी उतरवल्यावर पैसे घेईना. रात्र तेथल्या एका कार्यकर्त्याच्या घरी काढली. त्यांच्या घरची पिठले-भाकरी आणि चुलीपुढची ऊब विसरणे शक्य नाही.

दुसऱ्या दिवशी घाट उतरून आल्यावर वैशाखऱ्यापाशी मंडळींनी गाडी थांबवायला सांगितली. खालून नानाचा अंगठा फारच उंच दिसतो. त्यांनी आपल्या भावाला फोन लावला आणि "अरे, आजा एवढं उतरून आला रे," असे तीन-तीनदा सांगितले. पुढे शहाडच्या पुलावर नेहमीप्रमाणे वाहतूक तुंबलेली होती. पाऊण तास आम्ही धुरात उभे होतो. मंडळी मागे बसून आमच्या पाठीवर बोटाने काहीतरी गिरवीत होत्या. काय, म्हणून विचारले, तर म्हणाल्या, "पुढच्या वर्षीची तारीख."