कानावर भरवसा ठेवू नका

गार्डन रीचला पोस्टिंगवर आहे. परवा आमचा साताऱ्याचा हवालदार, पुढच्या महिन्यात पेन्शनला जाणारा, म्हणाला, "साहेब, ग्रॅच्युइटीतून ट्विन सिलिंडर गाडी घेतो. ठोके एकसारखे पडणारी बघतोय, म्हणजे हात बधिर होणार नाहीत."

मंडळी, हा गैरसमज आता गाडाच. ठोके एकसारखे पडणं वेगळं आणि इंजिन न थरथरणं वेगळं.

चार स्ट्रोकची पॅरलल ट्विन घ्या. क्रँक ३६० अंशांचा असेल तर ठोके परेडसारखे, दर ३६० अंशांवर. पण दोन्ही पिस्टन एकदम वर, एकदम खाली. जुन्या ब्रिटिश ट्विन म्हणूनच हाताला मुंग्या आणायच्या. १८० अंशांत एक वर, एक खाली. मुख्य धक्के एकमेकांना मारतात, इंजिन डावी-उजवीकडे डुलतं तेवढं. ठोके मात्र लंगडे: १८०, मग ५४०. राजदूत ३५० चा क्रँकही १८० चाच, पण टू-स्ट्रोक असल्याने तिचे ठोके समान.

रॉयल एन्फिल्डच्या ६५० चा क्रँक २७० अंशांचा. ठोके २७०-४५०, अगदी ९० अंशांच्या व्ही-ट्विनसारखे. त्या आवाजावर सगळे फिदा; हात वाचवतो तो आतला बॅलन्सर शाफ्ट. त्याचं कौतुक कुणी करत नाही.

सायलेन्सर ऐकून इंजिन पारखणं म्हणजे घोषणा ऐकून पलटण पारखणं.

हवालदाराला सांगितलं, "तासभर चालव. उतरल्यावर शर्टाचं बटण लावून बघ. लागलं, तरच पैसे दे."