नातवंडांची झोप : तिकडची आणि इकडची

मनीषनगरातील अनेक घरांतील मुले-सुना आज अमेरिकेत आहेत. सहा महिने तिकडे राहून परतलेले आजी-आजोबा रक्तदाब तपासायला येतात, तेव्हा एक तक्रार हमखास असते : "डॉक्टरसाहेब, तिकडे पोरांना साडेसहालाच जेवू घालतात अन् आठ वाजता वेगळ्या खोलीत झोपवतात!"

त्यांची हळहळ रास्त आहे. वेगळी खोली ही तिकडची रीत. ती आपण उचलण्याचे कारण नाही. आजीच्या कुशीत मूल उत्तम झोपते. परंतु आठची वेळ म्हणजे नुसती शिस्त नव्हे, त्यामागे आरोग्याचा हिशेब आहे. अमेरिकेतील निद्रातज्ज्ञांनी २०१६ साली घालून दिलेल्या प्रमाणानुसार ३ ते ५ वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी १० ते १३ तास, तर ६ ते १२ वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप हवी. शरीराच्या वाढीचे संप्रेरक मुख्यत्वे गाढ झोपेतच स्रवते.

आता आपले घर पाहा. बाबा आल्यावर साडेनऊला जेवण, मग टीव्ही, मोबाइल, झोपायला अकरा. सकाळी सहाला उठायचे, कारण ऑटोवाले काका दारात उभे! म्हणजे झोप जेमतेम सात तास. मूल वर्गात पेंगते, चिडचिड करते आणि आई टॉनिक लिहून मागते. झोपेची उणीव भरून काढणारे टॉनिक अजून निघालेले नाही.

चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत, असा आदेश राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढला. निर्णय चांगला आहे. पण शाळा उशिरा म्हणून मूल बारापर्यंत जागणार असेल, तर त्याचा उपयोग काय? सकाळ शासनाने सांभाळली तरी रात्र आईबापांनीच सांभाळायची आहे.

सहाला उठवायचे असेल, तर नऊला दिवा मालवलाच पाहिजे. मुलांना साडेसातला वाढावे, बाबांसाठी थांबवू नये. झोपण्याआधी तासभर टीव्ही, मोबाइल बंद ठेवावा, मोठ्यांनीसुद्धा. रविवारीही हीच वेळ पाळावी. पुरेसे झोपूनही मूल दिवसा पेंगत असेल, रोज घोरत असेल किंवा तोंडाने श्वास घेत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

आणि आजीने गोष्ट अवश्य सांगावी. फक्त ती नऊच्या आत संपवावी!