व्यासाचा आकडा आणि त्यामागचा हिशेब

लेझर बीमचा व्यास थेट दिसत नाही. तो हिशेबाने काढावा लागतो. गाउसियन बीमला कडाच नसते. केंद्रापासून दूर जाताना तीव्रता घटत जाते, पण कुठेही एकदम संपत नाही. म्हणून आयएसओ १११४६ हे मानक व्यासाची व्याख्या तीव्रतेच्या सेकंड मोमेंटवरून करते. आपण तिला डी-फोर-सिग्मा म्हणतो. व्याख्या नेमकी आहे, हिशेब मात्र नाजूक. प्रत्येक पिक्सेलच्या उजळपणाला केंद्रापासूनच्या अंतराच्या वर्गाने गुणायचे असल्याने कोपऱ्यातला अगदी क्षीण पार्श्वप्रकाशही भारी पडतो. चौकटीची बाजू दुप्पट केली, की या बेरजेतला त्याचा वाटा सोळापट होतो.

एकाच प्रतिमेवरून दोन सॉफ्टवेअर दोन वेगळे व्यास सांगतात, त्याचे मूळ अनेकदा इथे असते. पार्श्वभूमी वजा केल्यावर काही पिक्सेलच्या किमती ऋण येतात. त्या शून्य करून टाकल्या, तर उरलेला धन नॉइज व्यास फुगवतो. आपला बीम प्रोफायलर या ऋण किमती ठेवतो की शून्य करतो, हे बंद सॉफ्टवेअर सहजी सांगत नाही.

पायथॉनमधले ‘लेझरबीमसाइझ’ हे मुक्तस्रोत पॅकेज प्रतिमेवरून बीमचे केंद्र, दोन्ही अक्षांवरचे व्यास आणि अक्षाचा कोन काढते. अंदाजी व्यासाच्या तिप्पट चौकट आखून आकडा स्थिरावेपर्यंत ते हिशेब पुन्हा पुन्हा करते. यातली प्रत्येक पायरी वाचता येते आणि ज्ञात व्यासाची कृत्रिम प्रतिमा देऊन ताडून पाहता येते. फुकट मिळणे ही सोय झाली; तपासता येणे हे या सॉफ्टवेअरचे खरे मोल आहे.

अर्थात, कॅमेऱ्याची चूक कोड सुधारू शकत नाही. गॅमा आणि ऑटो-एक्स्पोजर बंद हवेत, एकही पिक्सेल सॅच्युरेट होता कामा नये. सेन्सरवरच्या काचेमुळे उमटणारे व्यतिकरणाचे पट्टे ओळखता यायला हवेत. बीमची गुणवत्ता सांगणाऱ्या एम-स्क्वेअर्ड या आकड्यासाठी किमान दहा ठिकाणी मोजमाप हवे: निम्मी वेस्टपासून (बीमच्या सर्वांत अरुंद जागेपासून) एका रेले अंतराच्या आत, उरलेली दोन रेले अंतरांच्या पलीकडे.

आमचे वाचकांना आवाहन आहे: यापुढे व्यास नोंदवताना मूळ प्रतिमा, डार्क फ्रेम, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि पार्श्वभूमी वजा करण्याची पद्धत सोबत जपून ठेवा. दुसऱ्याला पुन्हा काढून पाहता येईल, तोच आकडा अहवालात लिहा.