बायो घेतलं, मॅथ्स सोडलं?

अकरावी सायन्सला ॲडमिशन घेतली तेव्हा मला सगळ्यात मोठा आनंद कशाचा झाला असेल, तर मॅथ्स सुटल्याचा! बायो घेतलं की गणिताशी काडीमोड, हे आपल्याकडे ठरलेलंच. पुढे मी मास कॉमला आलो आणि गणित कायमचं सुटलं, असं वाटलं. पण मागच्या दिवाळीत नरसिंहपूरला घरी गेलो आणि शेजारच्या ताईच्या एका प्रश्नाने ते पुन्हा समोर आलं.

ताईला मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस आहे. पंचविशीत एका डोळ्याने धूसर दिसायला लागलं, मग पायाला मुंग्या. ‘अशक्तपणा आहे’, ‘टेन्शन घेऊ नका’ हे ऐकण्यात दीड वर्ष गेलं. पुण्यात एमआरआय झाला तेव्हा कुठे निदान झालं. या आजारात रोगप्रतिकारक पेशी आपल्याच मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं मायलिनचं आवरण कुरतडतात. वायरवरचं प्लॅस्टिक सोलल्यावर जे होतं, तसंच काहीसं. जगात २८ लाखांहून जास्त लोकांना एमएस आहे आणि तो बहुतेकदा विशी ते चाळिशीत सुरू होतो. म्हणजे आपल्याच वयात!

ताईचा प्रश्न साधा होता, “पुढचा अटॅक कधी येईल रे?” डॉक्टरांनाही ते सांगता आलं नव्हतं.

या आजाराचं कोडं सोडवणाऱ्यांत गणितवालेही आहेत. एमएसचं एक दुर्मीळ भावंड आहे, बालोचा आजार. त्यात मेंदूत झाडाच्या खोडासारखी कडी दिसतात, एक सोललेलं, एक शाबूत. का? २००७ मध्ये खोनसारी आणि काल्वेझ या फ्रान्समधल्या संशोधकांनी तीनच गोष्टी समीकरणांत घातल्या : हल्ला करणाऱ्या पेशी, त्यांना बोलावणारा रासायनिक संदेश आणि नष्ट झालेल्या पेशी. कॉम्प्युटरवर तशीच कडी उमटली. आकडे बदलले की कड्यांच्या जागी एमएससारखा सलग डाग. म्हणजे वेगळे दिसणारे दोन आजार मुळात एकाच यंत्रणेतून आलेले असू शकतात.

हे काही परदेशी फॅड नाही. कोविडमध्ये साथीचे जे आलेख आपण पाहिले, त्यांच्या मागचं मूळ मॉडेल करमॅक आणि मॅकेंड्रिक यांनी १९२७ मध्ये मांडलं. ते ताडून पाहिलं कशावर? मुंबईतल्या १९०५-०६ च्या प्लेगच्या मृत्यूंवर. आकडे आपले, गणित त्यांचं!

मॉडेल म्हणजे भविष्यवाणी नव्हे, हेही खरं. ताईचा पुढचा अटॅक ते आज सांगू शकत नाही. त्यासाठी पेशंटच्या वर्षानुवर्षांच्या चांगल्या नोंदी लागतात. पण औषध लवकर सुरू केलं तर? डोस बदलला तर? हे प्रश्न माणसावर प्रयोग करण्याआधी कॉम्प्युटरवर तपासून बघता येतात.

म्हणून माझं म्हणणं एवढंच : बायोवाल्यांनो, कॅल्क्युलस दिसलं की पळू नका. कॉलेजात सोय असेल तर मायनरला मॅथ्स नाहीतर स्टॅट्स घ्या. मॅथ्सवाल्यांनो, बायोच्या मित्राला एकदा चहाला बसवा आणि त्याचं कुठे अडलंय ते विचारा. आणि कॉलेजांनी टाइमटेबल लावताना दोन्ही लेक्चर एकाच वेळी ठेवू नयेत.

परवा ताईचा फोन आला, “सापडलं का रे काही?” म्हटलं, गणितवाले कामाला लागलेत. ती हसली आणि म्हणाली, “मग तू कशाला सोडलंस?”