सायंकाळ कोणाची?

गेल्या सव्वाशे वर्षांत आमच्या समाजानें स्त्रीला जें जें दिलें, तें सारें दिवसाउजेडीचें आहे. तिनें शिकावें हें मान्य झालें, नोकरी करावी हें मान्य झालें, आणि पगार घरीं आणावा हें तर इतक्या आनंदानें मान्य झालें कीं, या गोष्टींवर एके काळीं कडाक्याचे वाद झाले होते याची आज कोणास आठवणहि राहिलेली नाहीं. परंतु कचेरी सुटल्यानंतरची जी सायंकाळ, ती मात्र अद्याप तिची झालेली नाहीं. विवाहित स्त्रीची सायंकाळ स्वयंपाकघर आणि मुलांचा अभ्यास यांनीं घेतली आहे. तिची कथा वेगळी आहे व ती वेगळीच सांगितली पाहिजे. आज आम्हांस बोलावयाचें आहे तें अविवाहित किंवा अन्य कारणानें एकट्या राहणाऱ्या स्त्रीविषयीं. तिच्या सायंकाळवर नवऱ्याचा अथवा मुलांचा हक्क नसतो. आणि नेमक्या याच कारणास्तव घरमालक, शेजारी, आप्त, वसतिगृहाच्या अधीक्षिका आणि स्थळें सुचविणारे परोपकारी गृहस्थ या सर्वांना तेथें आपला कांहींतरी हक्क पोहोंचतो असें वाटूं लागतें. आमचें म्हणणें असें कीं, एकट्या स्त्रीसंबंधींचा आमच्याकडील सारा वाद वरून नीतीचा दिसला, तरी मुळांत तो तिच्या मोकळ्या वेळाच्या मालकीचा वाद आहे.

हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या मूठभर मुलींचा आहे, असें म्हणून कोणी तो झटकून टाकूं नये. २०११ च्या जनगणनेंत अविवाहिता, विधवा, घटस्फोटिता आणि परित्यक्ता मिळून एकट्या स्त्रियांची संख्या सुमारें ७ कोटी १४ लाख भरली. २००१ सालीं ती ५ कोटी १२ लाख होती. एवढ्या स्त्रियांच्या नित्य जीवनास अपवाद म्हणणें हें निदान गणितास तरी धरून नाहीं.

पण आधीं आमची भाषाच पाहा. पुरुष लहानपणीं 'चि.' असतो, वाढला कीं 'श्री.' होतो, आणि मरेपर्यंत 'श्री.'च राहतो. त्याचें लग्न झालें कीं राहिलें, टिकलें कीं मोडलें, हें पाकिटावरून टपालवाल्यास कळत नाहीं. स्त्रीच्या नांवाआधीं मात्र तिच्या नवऱ्याचा जमाखर्च मांडलेला असतो: 'कु.' म्हणजे यावयाचा आहे, 'सौ.' म्हणजे आहे, 'गं. भा.' म्हणजे गेला. 'श्रीमती' हा शब्द मूळचा निर्दोष. परंतु मराठी माणसानें त्यालाहि वैधव्याची छटा देऊन ठेवली. परिणाम असा कीं, पंचावन्न वर्षांच्या अविवाहित प्राध्यापिकेस पत्र लिहितांना भल्याभल्यांची लेखणी अडते. 'कु.' लिहावें तर हंसूं येतें, 'श्रीमती' लिहावें तर भीति वाटते. ज्या अवस्थेला भाषेंत धड नांव नाहीं, ती अवस्था लोक तात्पुरती समजतात. आणि तात्पुरत्या अवस्थेंत असलेल्या माणसाच्या आवडीनिवडी, मैत्री, घर, वेळापत्रक हें सारेंच तात्पुरतें ठरतें.

भाषेंतील ही खोड कायद्यांतहि उतरली आहे. दत्तक घेण्याच्या कामीं आमच्या कायद्यानें एकट्या स्त्रीवर विश्वास टाकला आहे. तिला मुलगा वा मुलगी दत्तक घेतां येते, उलट एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक देत नाहींत. येथवर ठीक. परंतु सरोगसीच्या २०२१ च्या कायद्यानें एकट्या स्त्रियांपैकीं पस्तीस ते पंचेचाळीस वर्षांच्या विधवेस आणि घटस्फोटितेस मुभा दिली, आणि जिचें लग्नच झालें नाहीं तिला वगळलें. सरोगसी चांगली कीं वाईट हा वाद बाजूला ठेवूं; पण नवरा होता आणि गेला तर स्त्री भरंवशाची, कधींच नव्हता तर नव्हे, हें कोणतें तर्कशास्त्र आहे तें आम्हांस कोणी समजावून देईल काय?

मराठी वाङ्मयानेंहि या बाबतींत एका जागीं पाऊल पुढें टाकून तेथेंच मुक्काम ठोकला आहे. १९३३ सालीं विभावरी शिरूरकर या टोपण नांवानें 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध झालें, आणि शिकलेल्या, मिळवत्या, पण लग्न न झालेल्या मुलीचें मन मराठी वाचकासमोर उघडें झालें. केवढा गहजब झाला! तें पुस्तक धैर्याचें होतें यांत शंका नाहीं. दोष त्याच्या वाचकांचा आहे. त्यांनीं त्यांतला निःश्वास तेवढा उचलला, आणि तेव्हांपासून एकटी स्त्री म्हटली कीं खिडकी, पाऊस आणि सुस्कारा हा देखावा ठरून गेला. ती कधीं मनसोक्त हंसते, मैत्रिणीशीं भांडते, महागडी साडी घेऊन महिनाअखेर ओढगस्तीनें काढते, हें लिहावें असें कोणास वाटेना.

वस्तुस्थिति काय सांगते? अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदीं पहिल्या तीन स्त्रिया आल्या त्या १९६१ त कुसुमावती देशपांडे, १९७५ त दुर्गा भागवत आणि १९९६ त शांता शेळके. यांपैकीं मागाहूनच्या दोघी आजन्म अविवाहित होत्या. दुर्गाबाईंनीं लोकसाहित्याचा व्यासंग केला, ऋतूंवर लिहिलें, आणीबाणींत कऱ्हाडच्या व्यासपीठावरून सत्तेला खडे बोल सुनावले. आणि 'खमंग' हें पाकशास्त्रावरचें पुस्तकहि लिहिलें. स्वयंपाक हा नवऱ्याच्या पोटांतून त्याच्या हृदयाकडे जाण्याचा मार्ग आहे, असें मुलींना शिकविणाऱ्यांनीं या पुस्तकाकडे अवश्य पाहावें. जिभेसाठीं आणि जिज्ञासेसाठींहि स्त्री चुलीपाशीं उभी राहूं शकते. परंतु असामान्य स्त्रियांचे दाखले देऊन थांबणें बरें नव्हे. असामान्यांना समाज क्षमा करतो. त्यांचें एकटेपण तो त्यांच्या प्रतिभेच्या खात्यावर घालतो. आमचा वाद सामान्य स्त्रीसाठीं आहे, जी ना ग्रंथ लिहिते ना सभा गाजविते, जिला फक्त साडेसहानंतरचे चार तास हवे आहेत.

हे तास ती कसे घालविते? प्रथम मैत्रिणींत. मुंबईच्या लोकलचा स्त्रियांचा डबा ज्यांनीं ऐकून तरी माहीत करून घेतला असेल, त्यांस ही संस्था किती पक्की आहे तें सांगावयास नको. ठरलेली गाडी, ठरलेली जागा. तेथें भाजी निवडली जाते, भिशी लागते, वाढदिवस होतात, दसऱ्याला डबा सजविला जातो, आणि कोणी दोन दिवस दिसली नाहीं तर तिसऱ्या दिवशीं फोन जातो. पुष्कळ एकट्या स्त्रियांच्या आजारपणांत जें माणूस प्रथम धांवून येतें तें चुलत-मावस आप्तांपैकीं नसून या डब्यांतलें असतें. परंतु इस्पितळाच्या कागदावर 'रुग्णाशीं नातें' या रकान्यांत 'मैत्रीण' असें लिहिलें कीं समोरचा कारकून मान वर करून पाहतो. आणि नातेवाइकाची सही तरी नेहमींच हिताची असते काय? एका चव्वेचाळीस वर्षांच्या अविवाहित स्त्रीला तपासणीसाठीं भूल दिली असतां तिच्या आईची संमति घेऊन तिचें गर्भाशय काढून टाकण्यांत आलें. २००८ सालीं सर्वोच्च न्यायालयास असा निकाल द्यावा लागला कीं, शाबूत बुद्धीच्या प्रौढ स्त्रीच्या शरीराविषयीं संमति देण्याचा अधिकार तिचा स्वतःचा आहे, आईचा नव्हे. चव्वेचाळीस वर्षें वयाची स्त्री नवरा नसल्यामुळें अजून आईच्या ताब्यांतली मुलगी समजली जाते, हें याहून भयंकर रीतीनें आणखी कसें सिद्ध व्हावें?

दुसरें, छंद. विवाहेच्छूंच्या माहितीपत्रकांत 'छंद' नांवाचा एक रकाना असतो, व त्यांत वाचन, गायन, पाककला असें लिहिण्याचा प्रघात आहे. येथें छंद म्हणजे मालाचें वर्णन. लग्न ठरेपर्यंत ज्या गाण्याचें कौतुक, त्याच गाण्याच्या रोजच्या दोन तासांच्या रियाजाला लग्नानंतर जागाहि नाहीं आणि वेळहि नाहीं. एकटी स्त्री तो रियाज करूं शकते. ती रविवारीं पहांटे उठून राजगड चढूं शकते, पन्नाशींत सतार शिकूं शकते. अशा वेळीं लोक सहानुभूतीनें म्हणतात, 'बरें आहे, मन रमतें बिचारीचें!' पुरुष गाऊं लागला तर त्यास व्यासंग म्हणावें आणि स्त्री गाऊं लागली तर विरंगुळा, ही विभागणी आम्हांस मान्य नाहीं.

तिसरी गोष्ट म्हणजे जिच्या नुसत्या नांवानें आमच्या वडीलधाऱ्यांचा रक्तदाब वाढतो, तें 'डेटिंग'. दोन प्रौढ माणसांनीं एकमेकांस भेटावें, चहा घ्यावा, समुद्रकांठीं फिरावें, नाटकावरून वाद घालावा. पटलें तर पुढें जावें, न पटलें तर नमस्कार करून वेगळें व्हावें, एवढाच याचा अर्थ. ओळख करून देण्याचें काम हल्लीं मोबाईलवरचीं अ‍ॅपें करतात; त्यांतील 'बंबल' या अ‍ॅपनें तर स्त्री-पुरुषांच्या ओळखींत पहिलें वाक्य स्त्रीनेंच बोलावें असा नियम आरंभीं घातला होता. या बाजारांत लबाडी नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. विवाहित पुरुष येथें अविवाहित म्हणून वावरतात, सभ्य भासणारे दुसऱ्या दिवशीं असभ्य निघतात, आणि कित्येक सायंकाळी केवळ कंटाळ्यांत जातात. परंतु याची तुलना कशाशीं करावयाची? कांदेपोह्यांच्या बशीपुढें अर्धा तास बसून, चारचौघांच्या देखत उंची आणि पगार विचारून, जन्माचा निर्णय करणारा समाज दोन महिने चहा पिणाऱ्यांना उतावळे म्हणतो, हा विनोद आहे. खरा फरक निराळाच आहे. पोह्यांच्या बैठकींत नापसंत होण्याची पाळी बहुधा मुलीवर येते. येथें नापसंत करण्याचा अधिकार तिलाहि तितकाच आहे. आमच्या मतें लोकांस खुपतें तें हें.

आतां आक्षेपकांकडे वळूं. पहिला आक्षेप सुरक्षिततेचा. रात्रीं बाहेर धोका असतो, म्हणून वसतिगृहाचें दार लवकर लागतें, म्हणून सोसायटीचा रखवालदार वेळ टिपून ठेवतो. हा कळवळा खरा असता तर आम्ही त्यास नमस्कार केला असता. १९४८ च्या कारखान्यांच्या कायद्यानें सायंकाळीं ७ पासून सकाळीं ६ पर्यंत स्त्रियांस कारखान्यांत कामास लावण्याची मनाई केली होती. पुढें रात्रीच्या कामाला माणसें कमी पडूं लागलीं आणि ही मनाई सैल होत गेली. परदेशांतील गिऱ्हाइकांच्या सोयीनें चालणाऱ्या कचेऱ्या निघाल्या, आणि मध्यरात्रीनंतर मोटारी मुलींना दारापर्यंत सोडूं लागल्या. मालकाच्या कामासाठीं रात्रीं तीन वाजतां घरीं येणारी मुलगी इमारतीस चालते. स्वतःच्या आवडीनें नाटक पाहून साडेअकराला येणारी चालत नाहीं. मग धोका रात्रींत आहे कीं आवडींत? आणि घर म्हणजे तरी निर्धोक जागा काय? २०१९ ते २१ या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत अठरा ते एकुणपन्नास वयाच्या विवाहित अथवा पूर्वीं विवाहित असलेल्या स्त्रियांपैकीं सुमारें २९ टक्के स्त्रियांनीं नवऱ्याकडून छळ सोसल्याचें सांगितलें. त्यांच्या संरक्षणासाठीं घराला लवकर कुलूप लावावें, असें कोणी सुचवीत नाहीं. २०११ सालीं शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनीं मुंबईविषयीं 'व्हाय लॉइटर?' हें पुस्तक लिहून दाखवून दिलें कीं, स्त्रीला रस्त्यावर यावयाचें तर कांहींतरी काम दाखवावें लागतें. पुरुष विनाकारण नाक्यावर उभा राहूं शकतो, ती नाहीं. विनाकारण उभें राहण्याचा हक्क हा क्षुल्लक वाटतो खरा. पण शहर कोणाचें आहे तें यावरूनच कळतें.

दुसरा आक्षेप स्वार्थाचा. एकटी स्त्री केवळ स्वतःपुरती जगते म्हणे! वृद्ध आईबापांची औषधें, पेन्शनीचे हेलपाटे आणि रात्रीचीं जागरणें ज्या घरांत अविवाहित मुलगी आहे त्या घरांत कोणाच्या वाट्याला येतात, हें आक्षेपकांनीं आपल्याच नात्यागोत्यांत मोजून पाहावें. 'तिला काय, संसार नाहीं' एवढ्या चार शब्दांत भावंडें तिची सायंकाळ वांटून घेतात, आणि मग तीच सायंकाळ तिनें एकदां मागितली कीं तिला स्वार्थी म्हणतात.

तिसरा आक्षेप एकाकीपणाचा, आणि तो आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. आजारपण आहे, म्हातारपण आहे, सणाच्या दिवशींची रिकामी दुपार आहे. परंतु लग्न हा त्यावरचा विमा नव्हे, हें आमच्या घरांतील आज्यांना विचारावें. एकाकीपणावरचा उपाय माणसें आहेत, आणि माणसें जोडावयास वेळ लागतो. जो समाज स्त्रीला सायंकाळीं बाहेर पडूं देत नाहीं, मित्र घरीं आला तर जिन्यांत कुजबुजतो, आणि मग 'तुला कोणी नाहीं' म्हणून हळहळतो, त्याच्या हळहळीची किंमत आम्ही काय करावी?

येथें दुसऱ्या बाजूच्या मंडळींसहि चार शब्द सांगणें प्राप्त आहे. अलीकडे जाहिरातदारांना एकटी स्त्री फार आवडूं लागली आहे. डोंगरमाथ्यावर दोन्ही हात पसरून उभी असलेली, हातांत कॉफीचा पेला, चेहऱ्यावर अजिंक्य हास्य! बिचारी म्हणणारे जितके खोटे, तितकेच हे वीरांगना म्हणणारे खोटे. घरभाडें, दूधवाला, सर्दी आणि सोमवार हीं तिलाहि असतात. तिला दयेची गरज नाहीं, तशी आरतीचीहि नाहीं.

आमची मागणी साधी आहे. घर भाड्यानें देतांना पगार पाहावा, लग्न पाहूं नये. वसतिगृहांतील प्रौढ स्त्रीच्या हातीं दाराची किल्ली असावी. इस्पितळाच्या रकान्यांत मैत्रिणीचें नांव चालावें. पत्रावर स्त्रीचें नांव घालतांना नवऱ्याची चौकशी करूं नये. आणि सायंकाळीं सात वाजतां एखादी स्त्री एकटीच चप्पल घालून बाहेर निघाली, तर 'कुठें?' हा प्रश्न ओठांवर आला तरी तो गिळावा. तिला कदाचित् कोठेंच जावयाचें नसेल. तेवढ्यासाठीं तिनें कोणाची परवानगी कां मागावी, याचें समाधानकारक उत्तर आम्हांस अद्याप कोणीं दिलेलें नाहीं.